सातव्या कप्प्यातली पाच नाणी

३ मार्च, सोमवार

कप्पा पडला. सातवा. माझ्या हातून.

मुद्देसूद लिहिते.

डॉक्टरबाई आंघोळीला गेल्या होत्या. मला फक्त एका चिठ्ठीवरचं अक्षर ताडून बघायचं होतं. टेबलावर सहावा कप्पा उघडा. नियम एकच आहे, पहिल्याच दिवशी सांगितलेला — एका वेळी एक कप्पा, दोन्ही हातांनी, थेट टेबलावर. मी सहावा तसाच ठेवला आणि सातवा ओढला. उभ्या उभ्या. एका हातानं. दुसऱ्या हातात पेन्सिल!

चांदी पडली की घंटेसारखी वाजत असेल असं वाटायचं. तसं काही नाही. चमच्यांचा डबा सांडावा तसा खडखडाट झाला. बारा नाणी, बारा चिठ्ठ्या. एक नाणं गरगरत कपाटाखाली गेलं. आत नळ चालू होता. मी गुडघ्यांवर बसून हात जोडले — नळ बंद होऊ नये म्हणून! नाण्यांना काही होऊ नये म्हणून नाही. नळ चालू राहावा म्हणून.

कपाटात चौदा उथळ कप्पे आहेत. कप्प्यात हिरवी बनात, म्हणजे मऊ लोकरी कापड, त्यात गोल खळगे. खळग्यात आधी गोल कापलेली चिठ्ठी, तिच्यावर नाणं. सगळी पोपांची. तीन-चारशे वर्षांपूर्वी पोपांचं स्वतःचं राज्य होतं, स्वतःची टांकसाळ होती, तेव्हाची चांदीची नाणी. नाणं कोणाचं ते नाण्यावरच असतं. पण कुठून मिळालं, कोणी दिलं, खरं की खोटं — ते फक्त चिठ्ठीवर. दुसरीकडे कुठेच नाही. डॉक्टरबाईंनी चाळीस वर्षांत एकेक करून लिहिलंय. दातांच्या डॉक्टर होत्या त्या. अक्षरही तसंच, दाढेतली कीड शोधायच्या सुईनं लिहिल्यासारखं.

सात नाणी जागेवर लागली. या नाण्यांवर सालाऐवजी पोपच्या गादीचं कितवं वर्ष ते असतं. चिठ्ठीवरही तेच. जुळवलं.

उरली पाच. एकच चेहरा, एकच वर्ष, मागे एकच चित्र — पवित्र दरवाजा. दर पंचवीस वर्षांनी क्षमेचं वर्ष यायचं, तेव्हा पोप हातोडीनं ठोकून तो दरवाजा उघडायचा. चिठ्ठ्यांवर मात्र एवढंच —

पहिलं. जुन्या बाजारात, वाटीतून.
दादानं आणलं.
रेल्वेचा गार्ड.
लिलाव, तिसरा दिवस.
खोटं. मुद्दाम ठेवलं.

मी चेहरे बघून लावली. एक नाणं अगदी झिजलेलं, पोपचं नाक गेलेलं, कडा वाकडी. म्हटलं, हेच खोटं असणार. एक फार देखणं, दरवाजाच्या बिजागऱ्यासुद्धा दिसत होत्या. ते 'पहिलं'. माणूस उगाच का एवढ्या नादाला लागतो? पहिलंच असं देखणं मिळालं असेल. बाकीची तीन अंदाजानं.

कप्पा आत गेला आणि नळ बंद झाला.

"काय गं, एवढी घामाघूम?"

"काही नाही."

काही नाही म्हटलं. मी!

४ मार्च

आज सांगायचं ठरवून गेले. गेल्या गेल्या सांगितलंही — काल पेन्सिलीचं टोक मोडलं हे! पडली होती ना ती पण.

डॉक्टरबाई हसून हसून खोकल्या. "तुझ्यासाठी एक पोप पगारावर ठेवायला हवा. सकाळ-संध्याकाळ माफी द्यायला."

पाच महिन्यांत मी त्यांना काय काय सांगितलंय. दोन कागद जास्त वापरले. बिस्किट न विचारता घेतलं. आठ मिनिटं उशीर झाला, त्यातली तीन माझी आणि पाच बसची. आमच्या घरात सही करणारी पहिली मीच. चूक झाली की लोकांच्या मनात येणारच — शेवटी कुठून आलीय. ते त्यांनी म्हणायच्या आत मी म्हणून टाकते. सवयच झालीय. छोट्या चुकांच्या बाबतीत मी किती प्रामाणिक!

५ मार्च

नाही सांगितलं.

६ मार्च

नाही.

९ मार्च, रविवार

आई इस्पितळाच्या धुलाईत चादरींच्या घड्या घालते. रविवारी तिला सुट्टी, तरी हात थांबत नाहीत. माझ्या ओढण्यांच्या घड्या इस्पितळासारख्या, चौकोनी. घड्या घालता घालता म्हणाली, "आता कितवा पोप चाललाय?"

"उद्यापासून सातव्या कप्प्यातला."

"हा तरी चांगला होता का?"

"सगळे सारखेच, आई. एकानं तर नाण्यावर 'लोभ धरू नका' असं छापलंय."

"नाण्यावरच?" तिला इतकं हसू आलं की ओढणी सुटली हातातून. "म्हणजे दारूच्या बाटलीवर दारू पिऊ नका!"

मग शेजारणीला ओरडून सांगितलं, "माझी पोरगी राजांच्या नाण्यांचं पुस्तक लिहिते!" राजे नव्हेत, पोप, पुस्तक नव्हे, यादी, आणि लिहितात डॉक्टरबाई, मी उतरवून घेते. एरवी मी हे सगळं दुरुस्त केलं असतं. आज गप्प बसले.

१० मार्च, सोमवार

सातव्या कप्प्याची पाळी आली.

आमची पद्धत अशी. डॉक्टरबाईंना मधोमध धूसर दिसतं, कडेकडेचं तेवढं दिसतं. म्हणून मी चिठ्ठी वाचते, नाणं त्यांच्या तळहातावर ठेवते, त्या बोटांनी चाचपतात आणि सांगतात, मी लिहिते. सगळा संग्रह डॉक्टरबाई संग्रहालयाला देणार आहेत. नाण्यांइतकंच चिठ्ठ्यांना तिथे महत्त्व — संग्रहालयवालेच म्हणाले होते पत्रात, 'डॉक्टरांच्या हातची चिठ्ठी हाच पुरावा.'

मी वाचलं, "पहिलं. जुन्या बाजारात, वाटीतून." आणि ते देखणं नाणं हातावर ठेवलं.

त्यांचा चेहरा उजळला. मग हळूहळू उतरला. अंगठा कडेवरून दोनदा फिरवला. "हे असं होतं?"

मी पेन घट्ट धरलं.

"गुळगुळीत होतं गं ते. बिचाऱ्याचं नाक गेलेलं. म्हणून तर घेतलं मी. दिवसभर लोकांची उघडी तोंडं बघायची, आणि वाटीत हा म्हातारा तोंड मिटून पडलेला! एवढा शहाणा माणूस मी पाहिला नव्हता." पुन्हा अंगठा फिरवला. "पण तू वाचलंस ना 'पहिलं'?"

"हो."

"माझंच अक्षर?"

"हो."

"मग माझाच हात म्हातारा झाला."

तेव्हा बोलायचं होतं. दोन वाक्यं पुरली असती. मी काय केलं — खाली मान घालून लिहिलं, 'पहिलं. स्थिती उत्तम.' माझ्या सुवाच्य अक्षरात.

कॉलेजच्या फळ्यावर त्यांचा कागद लागला होता, 'सुवाच्य अक्षर पाहिजे. बडबड नको.' दोन्ही अटी पाळल्या मी.

१२ मार्च

आज नक्की सांगणार होते. त्यांना सर्दी झालेली. सर्दीत कसं सांगायचं?

(हे वाचून मलाच माझी किळस आली. खोडत नाही. राहू दे.)

१४ मार्च, शुक्रवार

डॉक्टरबाईंनी 'पहिलं' पुन्हा मागून घेतलं. हातात धरून गोष्ट सांगितली — जुना बाजार, पितळी वाटी, विकणारी एक लठ्ठ बाई. तासाभरानं परत तीच गोष्ट. आता विकणारा म्हातारा होता, आणि वाटी काचेची. मी दोन्ही लिहून घेतल्या. काय करणार?

दुपारी चष्म्याची डबी सापडेना. शेवटी फ्रीजमध्ये, लोण्याशेजारी. दोघी हसलो. पण त्या हसताना माझ्याकडे बघत होत्या, मी खरंच हसतेय का ते.

हे माझ्यामुळे. सरळ आहे. माणसाला आपल्या हाताचा भरवसा राहिला नाही की कशाचाच राहत नाही. कप्पा मी विस्कटला, आणि आता त्या विस्कटताहेत.

१७ मार्च, सोमवार

लिहवत नाही. तरी लिहिते.

संग्रहालयाचे गृहस्थ आले होते. गळ्यात काळ्या दोरीला भिंग, जेवतानाही काढत नसावेत. डॉक्टरबाईंची भाची पण आली होती, दुसऱ्या शहरातून, मुद्दाम. तिनंच सगळ्यांना चहा दिला, मलाही. भिंगवाले कप्प्यामागून कप्पा बघत होते आणि "वा", "वा वा" करत होते. डॉक्टरबाई लग्नघरातल्यासारख्या ताठ बसल्या होत्या.

सातव्या कप्प्याला 'वा' थांबलं.

त्यांनी देखणं नाणं उचललं. कड उजेडात फिरवली. मग झिजलेलं उचललं. मग चिठ्ठ्या वाचल्या. परत नाणी.

"डॉक्टर, हे तुमचं पहिलं?"

"हो."

"हे ओतीव आहे. अस्सल नाणं ठशानं ठोकलेलं असतं. हे साच्यात ओतलंय, कडेला सांधा दिसतो." अगदी हळू बोलत होते, आजाऱ्याशी बोलावं तसं. "आणि ज्याच्याखाली तुम्ही 'खोटं' लिहिलंय ना — ते शंभर टक्के अस्सल आहे."

भाचीनं हातातला कप खाली ठेवला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मग मीच कधीतरी उलटं ठेवलं असणार." मग म्हणाल्या, "नाही... मी असं..." आणि थांबल्या. मग ओठ दाबून म्हणाल्या, "ठेवलं असणार."

मी भिंतीला टेकून उभी होते. तिथेच. चार पावलांवर.

भिंगवाले म्हणाले, काही घाई नाही, सगळे कप्पे एकदा पुन्हा तपासू, चिठ्ठ्यांचा आधार घ्यायचा की नाही ते मग बघू. जाताना माझ्या अक्षराची तारीफ केली.

स्वयंपाकघरात भाची मला म्हणाली, "तू रोज असतेस. खरं सांग. अजून काय काय विसरते मावशी?"

मी म्हटलं, "काही नाही, ताई."

"डबी फ्रीजमध्ये ठेवलेली तिनंच सांगितली मला फोनवर, हसत हसत. मागे एकदा गॅस तसाच राहिला होता. आता हे. जी बाई डोळे मिटून खरं-खोटं सांगायची! मी किती दिवस डोळेझाक करू?" पदरानं डोळे पुसले. "एक चांगली जागा बघितलीय. म्हाताऱ्या माणसांसाठी. नर्स चोवीस तास. एक तारखेला खोली रिकामी होतेय."

संध्याकाळी कपाटाची किल्ली आणि घराची किल्ली, दोन्ही भाचीनं आपल्या पर्समध्ये ठेवल्या. डॉक्टरबाईंनी मागितल्या नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

१८ मार्च

आजपासून चौदा दिवस. बोटं मोजली. आईनं विचारलं, "कसले दिवस मोजतेस?"

१९ मार्च, बुधवार

सांगितलं! भाचीला. जिन्यात गाठून. सगळं — दोन कप्पे, एक हात, पेन्सिल, नळ, पाच नाणी.

तिनं पूर्ण ऐकलं. मग माझ्या गालावर हात ठेवला.

"किती गं मायाळू तू."

"ताई, मी खरं सांगतेय."

"मावशी सांगते ना मला. पेन्सिल मोडली तरी रडतेस म्हणे! सगळं स्वतःवर ओढून घ्यायची सवय आहे तुला. तिला वाचवायला बघतेस, कळतं मला. पण यानं तिचं भलं होणार नाही."

"मी पाडलं हो!"

"बरं, तू पाडलंस. आणि गॅस? डबी? तेही तूच?"

मला 'हो' म्हणावंसं वाटलं. खरंच. एका अर्थी हो. पण ते म्हटलं असतं तर उरलेलंही खोटं ठरलं असतं.

तिनं मला रिक्षा करून दिली. वर.

२० मार्च, गुरुवार

डॉक्टरबाईंना सांगायला गेले तर भाचीनं आधीच सांगून ठेवलेलं.

"ऐकलं मी. कप्पा तुझ्या हातून पडला म्हणे." हसल्या, पण तोंडानं नुसतं. "तुझ्या हातून चहाचा थेंब सांडत नाही बशीत. गोड आहेस. पण माझ्यासाठी खोटं बोलू नकोस, बाळ. मला त्यानं जास्त म्हातारं वाटतं."

बाळ म्हणाल्या.

मग मला बसवून विचारायला लागल्या — या खोलीतलं काय काय नेता येईल तिथे? कपाट मावेल का? मी टेप घेऊन कपाट मोजलं. उंची लिहिली. रुंदी लिहिली. खोली लिहिली. कपाटाखालची धूळ अजून तशीच, आणि त्या धुळीत नाणं गरगरत गेल्याची रेघ. मी 'बघा, ही रेघ' म्हणणार होते. पण त्यांना रेघ दिसणार नव्हती, आणि भाचीनं केव्हाच भिजल्या फडक्यानं पुसायला घेतलं होतं.

२२ मार्च, शनिवार

आईला सांगितलं. जेवण झाल्यावर, ताटं उचलायच्या आत.

आईला कप्पे, बनात, अस्सल-ओतीव काही सांगावं लागलं नाही. चिठ्ठी बदलली, एवढंच तिनं ऐकलं. इस्पितळात गाठोड्याला चिठ्ठी असते — कुठल्या वॉर्डाची चादर. ती तिला वाचता येत नाही, रंगावरून ओळखते.

"एकदा मी लाल चिठ्ठीचं गाठोडं पांढऱ्यात टाकलं होतं," म्हणाली. "तू चौथीत होतीस. त्याच घटकेला जाऊन मुकादमाला सांगितलं. सगळ्यांसमोर बोलला मला. अडाणी म्हणाला, अजून काय काय म्हणाला."

"मग?"

"मग काय! बोलला. पण गाठोडं थांबवलं ना त्यानं."

ताटं उचलली. मोरीपाशी जाऊन, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "तुला शाळेत घातलं ते चिठ्ठ्या वाचता याव्यात म्हणून गं."

मग भांडी दोनदा घासली.

२३ मार्च, रविवार

माझ्या शब्दावर कोणाचा विश्वास नाही. म्हणजे आहे, फार आहे, म्हणूनच नाही. मग शब्दाशिवाय काय आहे माझ्याजवळ?

विचार करत बसले. नाणी फरशीवर पडली. दगडी फरशी. चांदी मऊ असते. ठेच लागली असणार! जुनी चांदी काळवंडलेली असते. ठेच ताजी असेल तर आत पांढरीशुभ्र दिसेल. हे मला डॉक्टरबाईंनीच शिकवलंय, दुसऱ्या कप्प्याच्या वेळी.

२४ मार्च, सोमवार

सकाळी संग्रहालयात. भिंगवाल्यांची खोली तळघराकडे, खिडकी रस्त्याच्या पातळीला. बोलताना माणसांचे बूट दिसत होते. तपासायला सगळे कप्पे त्यांनी आणून ठेवले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसा म्हणाले तरी बसले नाही.

त्यांनी तारीफ केली नाही, गालाला हात लावला नाही. फक्त विचारलं, "कशावर पडली?"

"दगडी फरशीवर."

"किती उंचीवरून?"

मी हात करून दाखवला.

सातवा कप्पा काढला. भिंग डोळ्याला लावलं. पहिलं नाणं, कड फिरवली. दुसरं. तिसऱ्याला थांबले. मला भिंग दिलं. काळ्या कडेवर मोहरीएवढा टिपका, लख्ख पांढरा. झिजलेल्या नाण्यावर दोन. ओतीववरही एक.

"पंधरा-वीस दिवसांतलं आहे," म्हणाले. "याहून जुनं असतं तर पिवळट पडायला लागलं असतं." भिंग परत गळ्यात टाकलं. "तीन नाणी बिघडवलीत तुम्ही. चारशे वर्षं कुणाच्या हातून झालं नव्हतं ते."

"हो."

"हे त्याच दिवशी सांगितलं असतंत तर फक्त एवढंच झालं असतं."

बरोबर. फक्त एवढंच.

माझ्यासमोर भाचीला फोन लावला.

२५ मार्च, मंगळवार

डॉक्टरबाईंच्या घरी चौघं. डॉक्टरबाई, भाची, भिंगवाले, मी. भिंगवाल्यांनी सगळं सांगितलं, न चढवता, न उतरवता. शेवटी म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या चिठ्ठ्या बरोबर होत्या. एकही चूक नाही. बाकीचे तेरा कप्पे मी तपासलेत."

डॉक्टरबाईंनी हात पुढे केला. त्यांनी झिजलेलं नाणं ठेवलं त्यावर. अंगठा नाकाच्या जागेवरून गेला.

"हा बघ," म्हणाल्या. "हाच."

भाची रडायला लागली. पर्समधून किल्ल्या काढून मावशीच्या मांडीवर ठेवल्या. "मावशी, माझं चुकलं गं. मी त्या लोकांना आत्ता फोन करते. खोली नको म्हणून सांगते."

मी वाट बघत होते. त्यांनी मान वळवली, थोडी तिरकी, म्हणजे मी त्यांना कडेनं दिसावी.

"पेन्सिलीचं सांगितलंस."

"हो."

"बिस्किटाचं सांगितलंस. बसची पाच मिनिटं सांगितलीस. आणि हे पोटात ठेवलंस?"

मी त्यांच्या मांडीवरच्या किल्ल्यांकडे बघत राहिले.

"आठ दिवस मी रोज सकाळी माझीच परीक्षा घेतेय. आईचं नाव. गल्लीचा नंबर. बत्तीस दातांची नावं, वरून खाली, एकेक. रोज पास होत होते मी! तरी वाटायचं कुठेतरी नापास असणार — नाहीतर खोट्याला खरं कशी म्हणाले असते?" आवाज चढला. पहिल्यांदाच ऐकला मी चढलेला. "तू भिंतीला टेकून ऐकत होतीस!"

"मावशी, जाऊ दे आता," भाची म्हणाली.

"जाऊ कशी देऊ? आज पहिल्यांदा हिनं काहीतरी केलंय, तर नीट रागवू दे मला!"

भिंगवाले खिडकीबाहेर बघायला लागले. मग डॉक्टरबाई दमल्या. किल्ल्या मुठीत घेऊन म्हणाल्या, "दोन दिवस मला तोंड दाखवू नकोस. शुक्रवारी ये. नऊला. सातवा कप्पा मी सांगेन तसा लाव. दोन्ही हातांनी."

जिना उतरताना बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्याचीच लाज वाटायला लागली.

आईला येऊन सांगितलं, सगळ्यांसमोर बोलल्या मला. ती म्हणाली, "झालं तर मग," आणि पहिल्यांदा नीट जेवली.

२७ मार्च, गुरुवार

भाचीचा निरोप आला, ती आज परत गेली. गेल्या आठवड्यात मावशीजवळ दिवसभरासाठी ठेवलेली बाईही नको म्हणून सांगितली. लिहिलंय, 'मावशीवर उगाच संशय घेतला. तू खरं बोललीस म्हणून मी निर्धास्त जातेय.' तीनदा वाचलं. निर्धास्त.

उद्या नऊ. आठ पन्नासलाच पोचेन.

२८ मार्च, शुक्रवार

दार डॉक्टरबाईंनीच उघडलं. अंगावर पांढरा कोट, कडक इस्त्रीचा. मी काही बोलायच्या आत त्यांनी मला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, हनुवटी उजेडाकडे वळवली आणि फार मायेनं म्हणाल्या, "घाबरू नका हं. कुठला दात दुखतोय?"

मला 'तुम्ही' म्हणाल्या.

"कधीपासून?"

मी म्हटलं, बरेच दिवस.